लाडकीडोकरीचा पातेरा

काशिनाथ, लाडकीडोकरीचे चार ढीग मी नेले.

साडेतीन वर्षं झाली. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, देवापुढे नाही, आणि तू माझ्या परसात पाटावर बसून चहा पीत होतास तेव्हा तुझ्यापुढेही नाही. तू जाऊन आज तेवीस दिवस झाले. गेलेल्या माणसाला खरं सांगायला काही धैर्य लागत नाही, हे मला कळतं. तरी लिहितो.

आपल्या शिक्षकांच्या अंकात तुझ्यावर दोन पानं हवीत म्हणाले. "सर, तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं जवळचं त्यांचं कोण होतं?" मी मान डोलावली. तुझा जन्म, तुझी नोकरी, तुला मिळालेला आदर्श शिक्षकाचा नारळ, हे सगळं दुसरं कोणी लिहील. मी पाल्याबद्दल लिहिणार आहे. आपल्या दोघांत पाल्याशिवाय होतं काय?

दोन हजार चौदाच्या जूनमध्ये मी घाटावरून बदली होऊन तलासरीच्या शाळेत आलो. डहाणूला भाड्याचं घर घेतलं. मागे परस होतं, पण माती कसली, नुसती खारी रेती. कढीपत्ता लावला, मेला. मिरची लावली, मेली. शाळेत तू शेजारच्याच वर्गावर होतास, पण महिनाभर आपण नमस्कारापलीकडे गेलो नव्हतो. ओळख झाली ती समुद्रावर, उसाच्या चरकापाशी. मी पोतं घेऊन चिपाडं मागायला गेलो, तर आधीच कोणीतरी वाकून पोतं भरत होतं. तू वर पाहिलंस आणि म्हणालास, "काय सर, तुमच्याकडे म्हैस आहे का?"

"नाही. मिरची आहे. म्हणजे होती."

तू इतका हसलास की चरकवाल्यानं चरक थांबवला. मग अर्धी चिपाडं माझ्या पोत्यात कोंबलीस आणि म्हणालास, "रेतीला आधी पांघरूण द्या. उघडं झोपवलंत तर कोण जगेल?"

त्या दिवसापासून तू मला फुकटाची विद्या शिकवलीस. भाताच्या गिरणीवर तूस कधी मागायचं, म्हणजे शेठ वैतागत नाही. चिकूच्या वाडीतला पाला कोणता वाडीवाला नेऊ देतो आणि कोणता कुत्रा सोडतो. तबेल्यातलं शेण ओलं आणायचं नाही, म्हातारं आणायचं. आगरच्या किनाऱ्यावरून मासळीची घाण आणली होती आपण, आठवतं? मोटारसायकलवर तुझ्या-माझ्यामध्ये ते पोतं. रेल्वे फाटक बंद होतं आणि आपल्याभोवती आपोआप मोकळी जागा तयार झाली. एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "मास्तर लोक असून असं?" तू गंभीरपणे म्हणालास, "बाई, प्रॅक्टिकल आहे." त्या वर्षी माझ्या परसात पहिला दुधी लागला. मी तो तुझ्या घरी घेऊन आलो. सुमनवहिनींनी चण्याची डाळ घालून केला. एवढा चवदार दुधी मी पुन्हा खाल्ला नाही. नंतर एक याहून मोठा खाल्ला, त्याचं सांगतो.

तुझ्या पाड्यावर मी तेव्हाच पहिल्यांदा आलो. रानशेतच्या पुढे, रस्ता सोडून आत. तू मला राब दाखवलास. घाटावरच्या माणसाला काय माहीत! उन्हाळ्यात झाडांचा पडलेला पाला, म्हणजे तुमचा पातेरा, बाया झाडून गोळा करतात. रोपाच्या वाफ्यावर शेण, फांद्या, पातेरा असे थर घालतात आणि भाजतात. जमीन भाजली की तण मरतं, राखेवर भाताचं रोप जोमानं येतं. रोप नाही तर आवणी, म्हणजे लावणी, नाही, आवणी नाही तर वर्षभराचा भात नाही. सगळं त्या वाळक्या पानांवर उभं.

चालता चालता एका झाडाखाली मला पाल्याचा नीट रचलेला ढीग दिसला. वर दगड, दगडाखाली हिरवी डहाळी. मी हात लावणार तोच तू मनगट धरलंस.

"डहाळी दिसली की हात लावायचा नाही."

"देवाचं आहे का?"

"देवाचं नाही. ज्या बाईनं झाडलं तिचं. पण पाड्यात देवाच्या वस्तूला हात लावतील, याला नाही लावणार."

"फुकटच्या पाल्याला एवढं?"

तू म्हणालास, "अरे घाटी, तुझं फुकट म्हणजे काय रे? मालक समोर उभा दिसला नाही की फुकट?"

तेव्हा मी हसलो होतो.

आता ती कल्पना कुणाची, ते लिहितो. सगळे समजतात की 'जाळू नका, अंथरा' हे तुझं वेड. तुझ्या शोकसभेतही एक जण तेच बोलला. ते माझं होतं. मी कुठेतरी वाचलं होतं, कोसबाडला एका शिबिरात कोणीतरी बोललेलं ऐकलं होतं, आणि माझ्या परसातल्या चार वांग्यांवर ते खरं ठरलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात मी तुझ्या मागे लागलो. एवढा पाला दरवर्षी जाळता, सगळं सोनं धुरात. तू शिकलेला, तू नाही सांगणार तर कोण? तू म्हणायचास, "तण कोण मारील? तू येणार काय निंदायला?" पण मी सोडलं नाही. वाद जिंकायची मला हौस, आणि तुला मित्राचं ऐकायची खोड.

दोन हजार सोळाच्या फाल्गुनात तू पाड्यावर ते बोललास. सगळे बसले होते. तू म्हणालास, "यंदा थोडा पातेरा न जाळता मला द्या, मी अंथरून दाखवतो." तेव्हा लाडकीडोकरी उठली. डोकरी म्हणजे तुमच्याकडे म्हातारी. तिला मागे-पुढे कोणी नाही, एक लहानसं शेत आणि दोन बकऱ्या. ती म्हणाली, "मास्तर, तुना पगार आहे. तू वांगी कर. माना भात आहे." सगळे हसले. तूही हसलास आणि खाली बसलास. दुसऱ्या दिवशी मला सांगताना तू म्हणालास, "डोकरी बरोबर बोलली. विषय संपला." मी म्हणालो, "एवढ्यात हरलास?"

त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका रविवारी सकाळी, मी ते केलं.

कारण सांगू? कारण ऐकून तुला हसू येईल. आपल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी परसाचे फोटो टाकायचो. उन्हाळ्यात वाफे उघडे पडले होते, चिकूच्या वाडीवाल्यानं त्या वर्षी पाला द्यायचं बंद केलं होतं, आणि गिरणीतलं तूस कोणी वीटभट्टीवाला उचलत होता. बाजारात चिकू उतरवून रिकामा परतणारा एक टेम्पोवाला ओळखीचा होता. तो रानशेतकडेच चालला होता. परत डहाणूला आणून सोडायचे पैसे ठरवून मी त्याच्या शेजारी बसलो. रस्त्याच्या कडेला ऐनाची झाडं होती आणि त्यांच्याखाली चार ढीग. वर दगड, दगडाखाली डहाळ्या. दोन अजून हिरव्या होत्या.

टेम्पोवाला उतरला नाही. खिडकीतून म्हणाला, "मास्तर, आ कोईनो ढगलो लागे छे."

मी म्हणालो, "कुणाचा कसला ढीग? पाला आहे रे. पाल्याला कसला मालक?"

काशिनाथ, मी ते दगड फेकले नाहीत. एकेक उचलला आणि झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवला. चारही. त्यावर डहाळ्या ठेवल्या. आजवर मी स्वतःला सांगत आलो की मला नीट ठाऊक नव्हतं, तू एकदाच सांगितलं होतंस, मी विसरलो. पण ज्याला ठाऊक नसतं तो दगड भिरकावतो. नीट ठेवतो तो ठाऊक असलेला माणूस.

घरी येऊन मी सगळा पातेरा वाफ्यांवर वीतभर अंथरला. फोटो टाकला. खाली लिहिलं, 'निसर्गाची फुकट गादी'. तुझा अंगठा आला त्यावर.

मंगळवारी तू शाळेत उशिरा आलास. तसं तू कधी यायचा नाहीस. म्हणालास, लाडकीडोकरीचा पातेरा गेला. चार ढीग. ती बुंध्याशी ठेवलेले दगड घेऊन सगळ्या पाड्यात फिरली. घरोघर दारात उभी राहून विचारत होती, "माना पातेरा कोणी नेला?" आणि सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी भर बैठकीत पातेरा कुणी मागितला होता? मास्तरनं. दगड असे नीट कोण ठेवील? शिकलेला माणूस. मास्तर.

"तू सांगितलंस ना, तू नेला नाहीस म्हणून?" मी विचारलं.

"सांगितलं. पाड्याचा कारभारी म्हणाला, मग वाघानं नेला का? बायका हसल्या." मग तू खडूचा डबा उघडलास, बंद केलास. "हसल्या त्याचं काही नाही रे. डोकरी नाही हसली."

तेव्हा सांगायला हवं होतं. व्हरांड्यात आपण दोघंच होतो. तास व्हायला पाच मिनिटं होती. तेवढ्यात सांगून झालं असतं, संध्याकाळी दोन फेऱ्यांत पाला परत गेला असता, डोकरीनं चार शिव्या दिल्या असत्या आणि पुढच्या दिवाळीला आपण ती गोष्ट हसत सांगितली असती. मी त्याऐवजी सल्ला दिला. मी म्हणालो, "तुझ्याकडे रोपं जास्तच होतात ना? पावसाळ्यात तिला एक वाफा देऊन टाक. काय बिघडतं?"

मला वाटलं, माझंच पाप मी तुझ्या हातानं फेडतो आहे. केवढा हुशार!

जुलैत डोकरीचं रोप पिवळं, तणात बुडालेलं. तू सुमनवहिनींना घेऊन तिच्या बांधावर गेलास आणि आपल्या वाफ्यातल्या रोपाच्या जुड्या तिथे ठेवल्यास. तिनं घेतल्या. गरज होती. आणि त्याच संध्याकाळी पाड्याची खात्री पटली. चोरी नाही केली तर भरपाई कशाला? कोण देतो आपल्या वाफ्यातलं रोप उगाच? पाड्यानं तुला दंड केला नाही, वाळीत टाकलं नाही. तसलं काही केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तुमच्यात एकाच्या आवणीला दुसरा जातो. तू बोलवायचीही गरज नसते, माणसं सकाळी बांधावर येऊन उभी असतात. त्या वर्षी तुझ्या बांधावर कोणी आलं नाही. तू रजा टाकलीस. तू, वहिनी आणि वहिनींची बहीण, तिघांनी नऊ दिवस आवणी केली. दहाव्या दिवशी तू शाळेत आलास, तुझ्या पायांची बोटं चिखलानं खाल्ली होती. मुलांनी विचारलं, "सर, काय झालं?" तू म्हणालास, "प्रॅक्टिकल."

मी हसलो नाही. तू माझ्याकडे पाहत होतास.

आणि आता मधलं सांगतो, जे आपल्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही. मे महिन्यात, म्हणजे आवणीच्या आधी, तू माझ्याकडे आला होतास. मी चहा आणायला आत गेलो. बाहेर आलो तर तू वाफ्यापाशी उकिडवा बसलेला. दुधीचा वेल पानांतून फोफावला होता. तू पातेऱ्यात हात घालून एक पान बाहेर काढलंस, उलटं केलंस आणि देठापाशी बोट फिरवलंस. चौथीच्या मुलांना तू हेच शिकवायचास: ऐनाचं पान कसं ओळखायचं, तर उलटं करा, देठापाशी दोन गाठी चाचपा.

"तुमच्या गल्लीत ऐन कुठे आहे रे?"

मी म्हणालो, "चिकूच्या वाडीतून आणलाय. तिथे आला असेल उडून."

तू पुन्हा एकदा त्या गाठींवरून बोट फिरवलंस. "चांगला कुजेल," म्हणालास. पान परत होतं तिथे खुपसलंस, हात झटकलेस, चहा घेतलास. साखर जास्त झाली म्हणालास. गेलास.

तुला कळलं होतं. तुला कळलंय हे मला कळलं होतं. तरीही जुलैत तू डोकरीला रोपं दिलीस. माझा सल्ला म्हणून दिलीस की माझ्या वतीनं दिलीस? हे मला विचारायचं होतं. पाड्यावर जाऊन तू एवढंच म्हणायचं होतंस, की तो डहाणूचा सर, तो घाटी, त्यानं नेला. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. माझ्यासारख्या बाहेरच्याबद्दल असलं चटकन खरं वाटतं. तू ते म्हणाला नाहीस. का? कधी वाटतं, मैत्री म्हणून. कधी वाटतं, ज्याला पाड्यात आपण हात धरून आणलं त्यानं हे केलं, हे सांगायची तुला लाज वाटली असेल. आणि फार वाईट दिवस असतो तेव्हा वाटतं, तू मला शिक्षाच केलीस. रोज शेजारच्या वर्गात शिकवून, रोज अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकून. तसं असेल तर, काशिनाथ, तूही काही फार चांगलं वागला नाहीस. एक थोबाडीत मारायची होतीस. मी मोकळा झालो असतो. तूही झाला असतास.

त्या वर्षीचा दुधी हातभर लांब झाला. मी तो तुझ्या घरी आणला. काय निर्लज्जपणा! वहिनींनी तसाच चण्याची डाळ घालून केला. तू दोनदा वाढून घेतलास.

एकदा मी जवळजवळ बोललो होतो. गेल्या हिवाळ्यात जमीन हलायला लागली तेव्हाची गोष्ट. भिंतींना चिरा गेल्या म्हणून आपण वर्ग बाहेर आंब्याखाली भरवत होतो. मुलांना बसायला तू पाड्यावरून पेंढा आणलास. म्हणालास, "नंतर तुझ्या वाफ्यांना घेऊन जा, हा माझा आहे, विचारायला नको." हे तू सहज म्हणालास की मुद्दाम, मला ठाऊक नाही. पण मला सांगावंसं वाटलं. मी म्हणालो, "काशिनाथ, त्या डोकरीचं..." आणि हादरा बसला. मुलं किंचाळली, शाळेची घंटा आपोआप हलली. तू दोन पोरांना काखेत धरलंस. सगळं शांत झाल्यावर, मुलं मोजून झाल्यावर, तू माझ्यापाशी येऊन उभा राहिलास. विसरला नव्हतास.

"बोल. काय म्हणत होतास डोकरीचं?"

मी म्हणालो, "काही नाही. बरी आहे ना?"

तू एका पोराच्या पाठीवरची धूळ झटकलीस. मग म्हणालास, "बरी आहे. म्हातारी झाली." आणि मुलांकडे वळलास. जवळजवळ तीन वर्षं तू मला वेळ देत होतास. त्या दिवशी, मला वाटतं, तू द्यायचा थांबलास.

श्रावणात ताप आला, कावीळ झाली, वापीला दवाखान्यात नेलं. मी दोनदा आलो. पहिल्यांदा तू बोलत होतास, पण खोलीत वहिनींचा भाऊ होता. दुसऱ्यांदा खोलीत कोणी नव्हतं, पण तू बोलत नव्हतास. मी तुझा हात धरून बसलो आणि तेव्हाही बोललो नाही. कानाला ऐकू येत असतं म्हणतात, म्हणूनच बोललो नाही.

तुझ्या दिवसांना मी पाड्यावर होतो. माणसं आली होती, पण जेवढी यायला हवीत तेवढी नाही. हे मला कळतं तर वहिनींना कळलं नसेल? कारभारी सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर चांगला होता. एक चूक सोडली तर." वहिनींनी मान खाली घातली. लाडकीडोकरी पडवीच्या कोपऱ्यात बसली होती, आता तिला कमी दिसतं. ती म्हणाली, "रोप दिला होता त्यानं मला." कुणाला उद्देशून नाही, नुसतीच. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. माझ्या पानात भात होता. मी जेवलो, हात धुतले, वहिनींना म्हणालो, "काही लागलं तर सांगा." वहिनी म्हणाल्या, "सर, तुम्ही होतात म्हणून त्यांना मैतर होता. पाड्यावर कोण राहिलं होतं त्यांना?" मी मोटारसायकल चालू केली आणि घरी आलो.

आता हे छापून येईल. शिक्षक वाचतील, दोघं-तिघं फोन करतील, कोणी म्हणेल, केवढा प्रामाणिकपणा! पण हा अंक पाड्यावर जात नाही. कारभारी वाचणार नाही, डोकरीला वाचता येत नाही, वहिनींकडे कोणी नेऊन दिला तरच. तेव्हा हेही मी स्वस्तातच केलेलं आहे, तू ओळखशीलच. मालक समोर नाही तिथे कबुली दिली.

तू शिकवलंस त्याबद्दल तुझे आभार मानायचे होते. परस अजून हिरवं आहे. रेतीची माती झाली, काळी, हातात घेतली की वास येतो. त्यात डोकरीच्या झाडांखालचा पातेरा आहे, तुझ्या घरचा पेंढा आहे, आगरची मासळी आहे. तिथे आता काहीही लावलं तरी येतं. मला ती माती बघवत नाही.

माझं देणं असं आहे. लाडकीडोकरीला चार ढीग पातेरा, मी स्वतः झाडलेला, डोक्यावरून तिच्या वाफ्यापर्यंत नेलेला. आणि पाड्याला, सगळे बसलेले असताना, वहिनींसमोर, एक वाक्य: पातेरा काशिनाथनं नेला नव्हता, मी नेला. पाला पडायला अजून पाच महिने आहेत. वाक्याला तेवढंही थांबायचं कारण नाही. दोन्ही मी अजून दिलेलं नाही.